तंबोऱ्यामागची जागा

वर्तमानपत्रात मैफलीचा फोटो आला, की मी आधी त्याच्या कडा बघतो. मधोमध गायक असतो, हात वर, डोळे मिटलेले. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. आणि गायकाच्या खांद्यामागून वर आलेली तंबोऱ्याची दांडी. ती दांडी कोणीतरी धरलेली असणार हे उघड आहे, पण तो हात, तो खांदा आणि ते डोकं उपसंपादकाच्या कात्रीत गेलेलं असतं. फोटोखाली तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे छापून येतं. तंबोऱ्यावर कोण होतं, ते आलंच तर 'आदींनी साथ केली' यात येतं. त्या आदींपैकी मी एक.

माझी बायको गाते. सांगलीत घरीच शिकवते आणि वर्षातून काही वेळा, गणपतीत, गुरुपौर्णिमेला किंवा आसपासच्या गावात कोणाच्या तरी स्मृतिदिनाला, तिचं गाणं असतं. खरं तर तंबोऱ्यावर शिष्यांनी बसावं अशी रीत आहे. पण शिष्यांना परीक्षा असतात, लग्नं असतात, लग्न झालं की सासर असतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या नवऱ्याला यातलं काहीच नसतं. त्यामुळे ही नेमणूक माझ्याकडे आली. नेमणूक म्हणताना बढतीची शक्यता नाही हेही सांगून टाकतो.

काम काय, तर चार तारा एकामागून एक छेडायच्या. पहिली मधल्या बोटानं, पुढच्या तीन तर्जनीनं. चौथी वाजून तिचा नाद पसरतोय तोवर पुन्हा पहिली. बस. पुढे तबल्यावर झपताल चाललाय की तीनताल, याच्याशी आपला संबंध नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. माणसाचं बोट मात्र मोठं लोचट असतं, ते तबल्याच्या मागे मागे जातं. द्रुत सुरू झाली की सगळी सभा मानेनं, गुडघ्यानं, चपलेच्या टोकानं ठेका धरते, आणि आपण त्या सगळ्यांच्या नाकासमोर बसून ठेका धरायचा नसतो. जरा वेग वाढला की पुढून, मान न वळवता, तानेच्या मधल्या श्वासात हळूच ऐकू येतं, "अहो, सावकाश." हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये कधी सापडत नाही. ते फक्त मला ऐकू यावं इतक्याच आवाजात बोलण्याची तालीम तिनं बरीच वर्षं केलेली आहे.

सुरुवातीची दहा मिनिटं मन जागेवर असतं. मग ते हिंडायला निघतं. गॅस बंद केला होता का? पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना मी कुठे पाहिलंय? आयोजकांनी जेवणाचं काही ठरवलंय की नुसता चहा? यातला एकेक विचार बोटापर्यंत पोचतो आणि दोन तारांमधलं अंतर किंचित बदलतं. ते फक्त दोघांना कळतं. त्यातल्या एकाला माफ करायची सवय आहे, तो म्हणजे मी.

आमची कन्या बंगळूरला नोकरी करते. तिनं मला फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं आहे. त्यात दिवसातून काही वेळा मंद घंटा वाजते आणि एक बाई अतिशय मऊ आवाजात विचारतात, की आता या क्षणी तुम्ही कुठे आहात. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा मी गणपती पेठेत रस्ता ओलांडत होतो. या क्षणी मी कुठे आहे हे मला आणि समोरच्या टेम्पोवाल्याला, दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. कन्या म्हणते, "बाबा, माइंडफुलनेस शिकावा लागतो." असेल. पण लक्ष देणं ही महिन्याची वर्गणी भरून घ्यायची गोष्ट झाली आहे, याचं मला थोडं वाईट वाटतं. तिची आई म्हणाली, "त्यांना दुसरीकडे जाताच येत नाही. तास झाला की पायाला मुंग्या येतात, त्याच जागेवर धरून ठेवतात."

खरी परीक्षा वाजवण्याआधी असते, जुळवण्याची. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोडीच्या तारा म्हणतात, आणि त्या दोन्ही एकाच षड्जात लावायच्या असतात. हिची पट्टी काळी चार. म्हणजे त्यातली प्रत्येक तार सेकंदाला सुमारे २०८ वेळा थरथरली पाहिजे. एक २०८ आणि दुसरी २०९ झाली, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. कान देऊन बसलं की हा डोल स्वच्छ ऐकू येतो. मग तारेखालचा मणी केसभर सरकवायचा. डोल लांबत जातो, दोन सेकंदांचा, चार सेकंदांचा, आणि एका क्षणी थांबतो. दोन तारा आहेत हे मग सांगूनही पटत नाही.

हे करताना एक नियम कसोशीनं पाळावा लागतो. दोघांनी एकाच वेळी दोन्ही तारांना हात लावायचा नाही. हिनं एक वर घेतली, मी दुसरी खाली आणली, की दोघी एकमेकींना ओलांडून जातात आणि रात्र तिथेच सरते. म्हणून एक तार बरोबर आहे असं धरून चालायचं, तिला अजिबात हलवायचं नाही, आणि दुसरी तिच्यापाशी नेऊन ठेवायची. आमच्या घरात बरोबर धरलेली तार कोणती, हे सांगायला नको.

किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीला बसलेल्या माणसांना तंबोरे लागण्याची वाट पाहणं हा काय प्रकार असतो ते माहीत आहे. काहीजण तेव्हा घड्याळाकडे बघायचे. मला वाटतं, मैफलीतला तो भाग तिकिटात वेगळा धरायला हरकत नव्हती.

जोडी लागली तरी काम संपत नाही, मग जवारी काढायची. तार ज्या घोडीवरून जाते ती वरून सपाट नसते, तिला अगदी हलका उतार असतो. त्या उतारावर तारेखाली साधा सुती दोरा सरकवतात. तो एका विशिष्ट जागी पोचला की एवढा वेळ ठणठणीत वाजणारी तार एकदम उमलते आणि तिच्यातून आणखी कितीतरी स्वर बाहेर यायला लागतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात नेमकी हीच गोष्ट हेरली होती. तार जिथे छेडतो तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू पडतात, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत असा युरोपात ठरलेला नियम. वीणा आणि तंबोरा हा नियम खुशाल मोडतात, कारण त्यांची तार घोडीच्या माथ्यावर नुसती टेकून राहत नाही. ती थरथरताना त्या उतारावर सारखी घासून जाते, क्षणात टेकते, क्षणात सुटते. पक्की टेकली तर आवाज बसतो, पुरती सुटली तर नुसती तार वाजते. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. रामन यांना मात्र वाटलं, आणि त्यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यांच्या पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत असत. तेव्हा मूळ प्रश्न घरातूनच आला असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आमचा तंबोरा मिरजेचा. सांगलीच्या माणसाचा दुसरीकडचा असेल तर त्यानं तो चोरून वाजवावा. तिथल्या सतारमेकर गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यांच्या कामात हात घातला आणि मिरजेचं नाव झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. तलवारीवरून तंबोऱ्यावर आलेली माणसं जगात आणखी कुठे असतील तर असोत. आमच्या शेजारच्या गावात आहेत एवढ्यावर मी खूश आहे.

मिरजेचं नाव निघालं की अब्दुल करीम खाँसाहेब आलेच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. १९३७ साली ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत बरं वाटेना, म्हणून सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर पथारी घातली, तंबोरा जुळवून घेतला, गायले आणि गेले, असं सांगतात. ही गोष्ट ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावतात, पण मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. तंबोऱ्यावर कोण होतं? टिपू नावाच्या कुत्र्याला खाँसाहेबांनी सूर लावायला शिकवलं होतं, हीही त्यांचीच गोष्ट. ती आमच्या घरी वरचेवर सांगितली जाते. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघायचं कारण नसतं, तरी बघितलं जातं.

तर त्या मिरजेच्या दुकानात बसलो असताना कारागिरानं भोपळ्याची गोष्ट सांगितली. तंबोऱ्याची दांडी आणि तबली तुनाच्या लाकडाची, पण ज्यात नाद घुमतो तो भोपळा मात्र शेतातून येतो. पंढरपूरच्या बाजूला, भीमेच्या काठच्या रानात हे भोपळे पिकवतात. जात कडू, म्हणून त्याला कोणी तोंड लावत नाही. वेलीवर पुरा जून होऊ द्यायचा, वाळवायचा, देठाकडून कापून आतला गर आणि बिया काढायच्या, मग दांडी जोडायची. कोणता भोपळा केवढा होईल हे जमीन, पाणी आणि त्या वर्षीचा पाऊस ठरवतो. कारागीर त्याला बोटानं वाजवून बघतो आणि पसंत करतो. म्हणजे एवढं भारदस्त वाद्य, पण त्याचं अर्धं अंग वेलीला लागलेलं असतं. नांदेडची केळी, देवगडचा आंबा, तसा पंढरपूरचा षड्ज म्हणायला हरकत नाही.

रानातून आलेला असल्यामुळेच असेल, तंबोरा हवामान विसरत नाही. जूनमध्ये ढग आले की खुंट्या फुगतात, फिरता फिरत नाहीत. एप्रिलात त्याच इतक्या सैल पडतात, की खडूची पूड लावावी लागते. मांडवात दिव्यांचा उजेड वाढला की तारा तापून उतरतात. आत बसून मला बाहेरची हवा कळते ती या खुंट्यांवरून. फोनमध्ये तंबोरा मिळतो, त्याला यातलं काही होत नाही. तो चोवीस तास सुरात असतो. शिष्या रियाजाला तोच वापरतात आणि ही त्यांना अडवत नाही, पण महिन्यातून एकदा प्रत्येकीला खरा तंबोरा लावायला बसवते. मुली घामाघूम होतात. बरंही वाटतं त्यांना नंतर, असा माझा समज आहे.

कारागिरानं निघताना मूठभर बिया दिल्या. "काका, गच्चीत लावा, गंमत म्हणून." पिंपात माती, शेणखत आणि घरच्या कचऱ्याचं खत घालून मी त्या पावसाच्या तोंडावर लावल्या. बांबू आणि सुतळीचा मांडव घातला. वेल काही दिवसांत टाकीपर्यंत गेला. फुलं आली, पांढरी, पातळ, किंचित चुरगळलेली. आणि सगळीच्या सगळी नर! भोपळ्याच्या वेलाची रीतच ही, आधी नर फुलं येतात आणि बरीच येतात. मादी फूल मागाहून, तोऱ्यात येतं. त्याच्या पाठीशी बोटाएवढं हिरवं फळ आधीपासूनच धरलेलं असतं, त्यावरून ते ओळखायचं. यूट्यूबवर थ्रीजी कटिंग नावाचा एक प्रकार दाखवतात. वेलाचा शेंडा खुडायचा, त्याला फुटलेल्या फांदीचा पुन्हा खुडायचा, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. मोबाइलवाल्यांनी थ्रीजी कधीच बंद केलं, गच्चीवर मात्र अजून रेंज आहे.

लाल भोपळ्याची पिवळी फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्यांचं बघतात. हा भोपळा मात्र दुधीच्या जातीचा, त्याची फुलं उमलतात दिवेलागणीला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान टाकतात. एका रात्रीत काय ते उरकायचं. नेमकी त्याच वेळेला खाली हिची मारव्याची शिकवणी चालू असते. पंडित भातखंड्यांनी रागांच्या वेळांची जी व्यवस्था लावून दिली, तिच्यात मावळतीचा तास कोमल ऋषभाच्या रागांचा, पूर्वी, श्री, पूरिया, मारवा. मारव्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमातून काढून निषादात लावतात, आणि एवढ्या बदलानं सगळं घर अस्वस्थ होतं. त्यात षड्जही लवकर भेटत नाही. मुली त्याच्या आसपास घुटमळत राहतात आणि ही त्यांना तिथून हुसकावून लावते. भातखंड्यांच्या वेळापत्रकावर विद्वानांत वाद आहेत. मी त्यात पडत नाही. भोपळ्यानं ते मान्य केलं आहे, एवढं मात्र मी गच्चीवरून पाहिलेलं आहे.

या फुलांकडे यायला हवेत ते रात्रीचे पतंग. लांब सोंडेचे, फुलापुढे हवेत स्थिर राहून मध पिणारे. ते येईनात. आमच्या गच्चीवर एक एलईडी दिवा होता, लख्ख पांढरा, इतका की शेजारच्यांना आमच्या उजेडात पेपर वाचता यावा. २०१७ साली 'नेचर'मध्ये स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास छापून आला होता. तिथल्या कुरणांवर रात्री रस्त्यावरचे असतात तसे दिवे लावून पाहिले, तर उजेडातल्या झाडांकडे रात्रीच्या कीटकांच्या खेपा ६२ टक्क्यांनी घटल्या. दिवसा येणाऱ्या माश्या-मधमाश्यांनी ती तूट भरून काढली नाही, आणि ज्या काटेरी फुलझाडावर त्यांनी लक्ष ठेवलं होतं त्याची फळं कमी धरली. मी हे घरात वाचून दाखवलं. ही म्हणाली, "मग दिवा घालवा की. वाचून काय दाखवताय?"

दिवा काढला. एका शिष्येच्या आईला अंधारात जिना उतरण्याची काळजी वाटली, तेव्हा जिन्यात झिरोचा बल्ब लावून तह झाला. पाऊस उघडला की शिकवणी आता गच्चीवरच होते. आठवड्याभरात पहिला पतंग दिसला. एका मुलीनं मारव्याच्या आलापात किंकाळी मारली, ती शुद्ध धैवतात होती असं हिचं म्हणणं.

तरी पतंगांवर सगळं सोपवून चालत नाही. संध्याकाळी एक नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच टेकवायचा. मी हे करत असलो की खालून आवाज येतो, "अहो, लागलं का लग्न? मुली खोळंबल्यात." मी सोलापुरी पंचा खांद्यावर टाकून, हाताला परागांची पिवळी भुकटी तशीच ठेवून, तंबोऱ्यामागे जाऊन बसतो.

गाणं ऐकून झाडं जोमानं वाढतात असं काही लोक सांगतात. वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांची तशी श्रद्धाच आहे. ते म्हणतात वेल मारव्यामुळे वाढला. माझं मत शेणखताच्या बाजूनं आहे. पण नादाचा आणि फुलाचा काहीच संबंध नाही असंही नाही. वांग्याचे आणि टोमॅटोचे पराग साध्या चालत्या-फिरत्या कीटकाला मिळत नाहीत. ते परागकोशात बंद असतात, आणि कोशाला टोकाशी फक्त बारीक भोक. निळ्या पट्ट्यांची एक रानमाशी असते, ती फुलाला मिठी मारते आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू इतक्या वेगानं थरथरवते की पराग झर्रकन बाहेर पडतात. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. ही माशी नसेल तिथे माणसं नादकाटा वापरतात, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच. हिच्याकडे षड्ज तपासायला ठेवलेला एक आहे. तो टेबलावर आपटून मी वांग्याच्या फुलाला लावला, तर खाली धरलेल्या काळ्या कागदावर पिवळी धूळ उतरली. हिला बोलावून दाखवली. ती बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "कुठल्या पट्टीत?" पांढरी एक, मी सांगितलं. "वांग्याला काळी चार झेपणार नाही," म्हणाली, आणि नादकाटा पुसून घेऊन गेली.

ऋतू आणि गाणं यांचा विषय निघाला की मला देवास आठवतं. कुमार गंधर्वांना क्षय झाला आणि १९४८ साली ते पत्नी भानुमतींबरोबर तिथे राहायला गेले. गाणं बंद. पुढची काही वर्षं बिछान्यावर. भानुमती स्वतः गायिका, पण त्या दिवसांत त्यांनी शाळेत शिकवलं, घर चालवलं, शुश्रूषा केली. ज्या माणसाला गायची मनाई आहे त्याच्या हाती उरतं काय, तर ऐकणं. कुमारांनी माळव्यातलं सगळं ऐकलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांची भजनं, बायकांची सणावाराची गाणी, पाखरं, वारा. पुढे ते उठले, गाऊ लागले, आणि 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे ऋतूंचे कार्यक्रम त्यांनी बांधले. लोक त्यांच्या गाण्यातल्या बंडखोरीबद्दल बोलतात. मला त्या पडून राहिलेल्या वर्षांबद्दल जास्त वाटतं, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला औषधाची वेळ सांभाळणाऱ्या बाईंबद्दल. भानुमती १९६१ साली गेल्या. देवासच्या घराचं नाव 'भानुकुल'. नंतरच्या मैफलींत त्यांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराताई कोमकली मागे तंबोरा घेऊन बसत आणि कुमारांच्या श्वासाला श्वास जोडून गात. त्यांचे फोटो काढणाऱ्यांनी सहसा कात्री चालवली नाही. याबद्दल मी त्या छायाचित्रकारांचा ऋणी आहे.

आमच्या वेलाला शेवटी फळं धरली. बरीचशी फळमाशीनं नेली. कामगंध सापळा टांगला, दशपर्णी अर्क फवारला (त्या दिवशी शिकवणी खाली घ्यावी लागली, वास मारव्यालाही झेपणारा नव्हता), आणि दोन फळं तगली. शेजारचे गृहस्थ रोज सकाळी दुधीचा रस पितात. त्यांची नजर त्यांच्यावर गेली. कडू दुधीचा रस म्हणजे विष, त्यातल्या कुकुरबिटासिननं माणसं दवाखान्यात गेली आहेत, काही दगावलीही आहेत, हे त्यांना दोनदा समजावलं. शिवाय त्यांच्या अंगणात गोड दुधीचा वेल. रात्री पतंग आमच्याकडचे पराग तिकडे नेणार. त्यांच्या या वर्षीच्या दुधीला काही होणार नाही, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर दुधी कडू निघू शकतो. मी त्यांना सांगितलं, बी धरू नका, पुढच्या वर्षीचं पाकीट माझ्याकडून. आपण लावलेली वेल कुंपण मानत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या बियाण्याचा खर्चही आपल्याच खात्यात. पाटबंधारे खात्यात असताना मला एवढी दूरदृष्टी कोणी मागितली नव्हती.

दोन्ही भोपळे थंडीभर वेलीवर वाळले. एक चिरला. दुसरा हलवला की आत बिया खुळखुळायच्या. तो कापडी पिशवीत घालून आम्ही दोघं मिरजेला गेलो. कारागिरानं हातात घेतला, उलटा-सुलटा केला, बोटानं वाजवला, कानाला लावला. हिनंही वाजवून बघितला. दोघं एकमेकांकडे बघून डॉक्टर हसतात तसं हसले.

"काका, तंबोऱ्याला लहान पडतो," कारागीर म्हणाला. "एकतारी होईल झकास. वारकरी धरतात तशी."

"एकच तार?" मी विचारलं.

"बरंच झालं," ही म्हणाली. "जुळवायला दुसरी नको. करा हो, यांच्यासाठीच करा."

त्यानं वही काढली, माझं नाव लिहिलं, भोपळ्यावर पेन्सिलनं खूण केली. आषाढीच्या आधी कामं फार असतात, जरा उशीर होईल म्हणाला. मग पेन्सिल कानाला अडकवता अडकवता थांबला.

"पट्टी कुठली धरू, काका? काळी एक?"

मी तोंड उघडलं होतं.

"काळी चार," ही म्हणाली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "पण वाजवणार काका ना?"

"हो, तेच वाजवणार," ही म्हणाली, आणि त्यानं वहीत काळी चार लिहिलं.